नळीवरचं नाव

माझ्या नवऱ्याला अक्षरांचं वेड आहे असं मी सांगते, तेव्हा लोकांना वाटतं की त्याचं हस्ताक्षर सुंदर असणार. तेवढ्यावर भागलं असतं तर आणखी काय हवं होतं? हा गृहस्थ रस्त्यात उभ्या असलेल्या कुठल्याही सायकलपुढे गुडघे टेकतो आणि तिच्या फ्रेमच्या नळीवरचं कंपनीचं नाव बघत बसतो. वाचत नाही, बघतो. एकदा भाजीबाजाराबाहेर एका म्हाताऱ्या पेपरवाल्याच्या सायकलचे फोटो काढत होता, तर मालकाने मागून कॉलर धरली. "काय रे, कुलूप तपासतोस?" "नाही हो काका, तुमचा 'र' बघतोय," हा म्हणाला. यापेक्षा चोर परवडला, असा चेहरा झाला त्या म्हाताऱ्याचा. मी हातातली पिशवी खाली ठेवून मध्ये पडले म्हणून निभावलं.

तो पाट्यांच्या कारखान्यात आहे. दुकानं, दवाखाने, शाळा, सगळ्यांची नावं तिथे संगणकावर मांडतात आणि यंत्र ती कापतं. कारखान्यात याला सगळे 'वेलांटी' म्हणतात, कारण काम तपासताना हा कमरेत वाकतो आणि तसाच राहतो. हाताने रंगवायचं काम तिथे उरलेलं नाही, म्हणून ती हौस घरी. आमच्या मागच्या गॅलरीत मला कपडे वाळत घालता येत नाहीत, तिथे सायकलींचे सांगाडे टांगलेले असतात. कुणाची जुनी सायकल मिळाली की हा ती घासतो, रंगवतो आणि नळीवर मालकाचं नाव घालून परत देतो. फुकट. वर चहा आमचाच.

"सपाट पाटीवर कोणीही लिहील," तो म्हणतो. "नळी गोल असते. अक्षराचा पाय खालच्या वळणात गेला की उभ्या माणसाला तो दिसतच नाही, अक्षर लंगडं वाटतं. म्हणून खालचा भाग ताणून काढायचा. कागदावर वेडंवाकडं दिसतं, नळीवर चढलं की सरळ." हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. मी स्वतः औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचते. त्यांतून योग्य ती गोळी निघाली की माझ्या दृष्टीने अक्षराचं काम झालं, मग ते दिसायला झुरळासारखं का असेना.

याचा भाऊ, म्हणजे माझा दीर, प्लंबर होता. लग्न झालं, मुलगी झाली, तरी घरात त्याला सगळे धाकट्या म्हणायचे. दोघांच्या वाट्याची सगळी अक्षरं थोरल्याने आपल्याकडेच ठेवून घेतली होती. लहानपणी धाकट्याच्या वह्यांवर नाव हाच घालायचा, शाळेचे तक्ते हाच काढून द्यायचा, पुढे धंद्याचं कार्डसुद्धा यानेच केलं. "तुझं अक्षर म्हणजे गळका नळ," हा त्याला चिडवायचा. "म्हणून तर नळांचा धंदा घेतला," धाकटा म्हणायचा, आणि दोघंही हसायचे. गेल्या वर्षी तो हां हां म्हणता गेला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला, तो घरी आलाच नाही.

मागे राहिल्या माझी जाऊ आणि भिंगरी. भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात एका जागी बसलेली ती कुणी पाहिलेली नाही, म्हणून बापानेच तिला ते नाव दिलं. ती सायकल शिकली तेव्हा धाकट्याने कुणाकडून तरी एक जुनी सायकल आणली आणि तिच्या नळीवर नाव घातलं. आयुष्यात पहिल्यांदाच दादाला न विचारता. खिडकीच्या गजांना लावून उरलेला लाल ऑइलपेंट, भिंत रंगवायचा ब्रश, आणि डबा धरायला भिंगरी.

ते नाव मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. हँडलपाशी 'भि' एवढा मोठा काढला होता की पुढे जागा पुरणार नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. धाकट्याला मात्र मधोमध आल्यावर कळलं. मग अक्षरं लहान होत गेली आणि 'री' तर पायडलपाशी जाऊन चेंगरली. वरचं टिंब ओघळून खाली आलं होतं. रंग इतका जाड की नावावरून हात फिरवला तर बोटांना चढउतार लागायचे. याने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा कमरेत वाकला आणि तसाच राहिला. "अरे, मला एक फोन करायचास," एवढंच म्हणाला. "तुझं मुहूर्त बघून होईपर्यंत पोरगी म्हातारी झाली असती," धाकटा म्हणाला. भिंगरी त्या सायकलवर आमच्या घराला तीन चकरा मारून गेली, येताजाता घंटी वाजवत.

धाकटा गेल्यावर ती सायकल त्यांच्या जिन्याखाली पडून राहिली. साखळी गंजली, सीट फाटलं. एका रविवारी जाऊच ती ढकलत आमच्याकडे घेऊन आली. डोळे सुजलेले. "दादा, हिला अगदी नव्यासारखी करून द्या," ती म्हणाली. "मला बघवत नाही हिच्याकडे. पण पोरीला शाळेत जायला हवीये." याने सायकलच्या दांडीवर हात ठेवला आणि मान हलवली. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा अभिमान वाटला होता, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल की या बाईला नवऱ्याचं काही चांगलं दिसतच नाही.

कामाला लागला तो वाघासारखा. कारखान्यातून आला की तडक गॅलरीत. साखळी नवी, ब्रेक नवे, सीट नवं. एका संध्याकाळी मी दुकानातून आले तर गॅलरीच्या लादीवर लाल भुगा पसरलेला आणि हा तोंडाला रुमाल बांधून पॉलिशपेपरने नळी घासतोय. नळीचं लोखंड पांढरं लखलखीत दिसत होतं.

"अरे! धाकट्याने लिहिलेलं ते?"

"तेच लिहिणार आहे ना परत. नीट."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे नीट. त्याला जे करायचं होतं ते." रुमाल खाली ओढून तो माझ्याकडे बघायला लागला. "त्याला जमलं नाही. माझ्यामुळे जमलं नाही, मी कधी करूच दिलं नाही त्याला. आता मी त्याच्यासाठी करतो. शब्द तोच आहे."

"तिला विचारलंस?"

"सरप्राइज आहे."

मी काही बोलणार होते, पण नळी तर आधीच लखलखत होती. मी केरसुणी आणली आणि तो भुगा सुपलीत भरला. घासलेलं काही परत चिकटवता येत नाही.

नाव घालायला त्याने कारखान्यातून रजा काढली. आधी कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून माप घेतलं. मग कागदावर शंभरदा 'भिंगरी'. मग नळीला गडद निळा रंग आणि त्यावर खारीच्या केसांच्या ब्रशने साय रंगाची अक्षरं, कडेने केसाएवढी सोनेरी रेघ. दोन्ही बाजूंना. मला अक्षरांतलं ओ की ठो कळत नाही, पण मीसुद्धा हातातलं काम टाकून बघत राहिले. 'भि'ची वेलांटी अशी वर जाऊन वळली होती की आता ती सायकल नुसती उभी असली तरी चालू लागेल असं वाटत होतं. याने आयुष्यात याहून चांगलं काही केलेलं नाही. काम संपल्यावर तो तिथेच लादीवर बसला आणि भावासाठी रडला. गेल्या वर्षभरात पहिल्यांदा.

सायकल द्यायला आम्ही दोघं गेलो. जाऊने तोंडावर हात ठेवला, "दादा, केवढं छान!" म्हणाली. भिंगरी जिना उतरून खाली आली. तिने आधी या बाजूने पाहिलं, मग वळसा घालून त्या बाजूने. मग नावावर बोट ठेवलं आणि हँडलपासून पायडलपर्यंत सरळ ओढत नेलं. रंग काचेसारखा गुळगुळीत होता.

"छान आहे, काका," ती म्हणाली. "थँक्यू." आणि अभ्यास आहे म्हणून वर गेली. जिच्या पायांना स्वस्थता नाही ती पोरगी नवी सायकल सोडून अभ्यासाला गेली! मला तिथेच कळलं. नवरा मात्र घरी येईपर्यंत सोनेरी रेघेबद्दल बोलत होता.

आमचं औषधांचं दुकान तिच्या शाळेच्या वाटेवर आहे. ती रोज समोरून जायची ते चालत. पहिल्या दिवशी मी हाक मारली, "काय गं, सायकल?" "हवा नाहीये, काकू." दुसऱ्या दिवशी, "घंटी वाजत नाहीये." तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. खोटं बोलताना तिला किती त्रास होत होता ते काउंटरवरून दिसत होतं. पुढे ती माझं दुकान चुकवायला पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागली, आणि तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो हसला. "हवाच नसेल." रविवारी पंप घेऊन गेला. मी मनात म्हटलं, जाऊ दे, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. दुपारी परत आला तो तोंडभर हसत.

"चालवतेय! अगं, चालवतेय ती! गल्लीत चार फेऱ्या मारल्या. माझ्यासमोर!"

"काय केलंस?"

"काही नाही. हवा टाकली." मग पंप कोपऱ्यात ठेवता ठेवता, माझ्याकडे पाठ करून, "तिने एक विचारलं. मी हो म्हटलं."

"काय विचारलं?"

"की बाबांनी लिहिलेलं खाली आहे ना अजून? तुमच्या रंगाच्या खाली?"

मी हातातली कात्री टेबलावर ठेवली.

"आणि तू हो म्हणालास?"

"ती असं बघत होती माझ्याकडे..."

"खाली काय आहे?"

तो पंप पुन्हा नीट उभा करायला लागला.

"खाली काय आहे, मी विचारतेय. बोल ना. प्रायमर आहे. आणि प्रायमरच्या खाली काय आहे? लोखंड. आणि बाकीचं मी सुपलीत भरून टाकलंय. उचलली जीभ लावली टाळ्याला!"

"मग काय सांगू तिला? बापाचं अक्षर घासून टाकलं म्हणून? मी? तिच्या काकाने?"

"हो. तूच. तेच सांगायचं."

"तिला कसं कळणार आहे? कधी कुणी रंगाच्या खाली बघतं का?"

त्या दिवसापासून भिंगरी सायकलवर दिसायला लागली. दुकानासमोर आली की घंटी वाजवायची. थांबायची, काउंटरपाशी येऊन सांगायची, "काकू, बाबांचं आत आहे, माहितेय? काकांनी वरून कव्हर घातलंय. पाऊस लागू नये म्हणून." मी औषधांच्या खोक्यांकडे वळायचे. गिऱ्हाईक उभं असलं तरी. तिचा आनंद बघून जीव भांड्यात पडायला हवा होता. मला तर उलट धडकीच भरायची. दुसऱ्याच्या पोरीला एवढा आनंद देऊन तो कुठल्याही दिवशी काढून घेता येईल असा ठेवायचा, याहून वाईट काय असतं?

मी रोज नवऱ्याला म्हणायचे, आज सांग. तो म्हणायचा, या रविवारी. रविवार आला की म्हणायचा, तिची परीक्षा होऊन जाऊ दे. आणि मग एक दिवस तो गॅलरीतून बाहेर आला तो डोळ्यांत तेच जुनं वेड घेऊन.

"सापडलं. सर्व्हिसिंगच्या नावाखाली सायकल आणतो. माझा रंग उतरवतो. धाकट्याचं नाव होतं तस्सं परत घालतो, त्याच लाल रंगात. आणि त्यावर परत माझं."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हणजे खाली असेल ना! मी हो म्हटलंय ते खरं होईल."

माणूस एखाद्या गोष्टीत किती बुडालेला असावा याला काही सुमार? कुणाच्याही नजरेला न पडणारं नाव, रंगाच्या खाली, हुबेहूब, म्हणजे हिशोब मिटला. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. "अरे, ते धाकट्याचं कसं होईल? ते तुझंच होईल ना?" तो म्हणाला, "कुणाला ओळखू येणार नाही." आणि लाल ऑइलपेंटचा डबा घेऊन आला.

जाऊकडे एक फोटो होता, भिंगरी सायकलवर, मागे धाकटा. तो त्याने फोनवर मागवून घेतला आणि मोठा करून छापला. जुन्या नळ्यांचे तुकडे गॅलरीत ओळीने मांडले आणि एकेकावर भिंत रंगवायच्या ब्रशने 'भिंगरी' काढायला लागला. या माणसाला जगातली कुठलीही अक्षरं उतरवायला सांगा, बघता बघता समोर ठेवील. धाकट्याची अक्षरं मात्र त्याच्या हाताला येईनात. 'भि' मोठा काढायचा तर तो डौलदार व्हायचा. 'री' चेंगरायची तर ती नीट मोजून चेंगरलेली दिसायची. ओघळ सोडायचा तर तो टिंबाच्या बरोबर मधून सरळ खाली. त्याने डावा हात वापरून पाहिला. डोळे मिटून पाहिलं. नळी मांडीवर घेऊन, उभ्याने, घाईघाईत, भरभर.

"तुझा वाकडेपणासुद्धा रांगेत उभा राहतो," मी म्हटलं. पूर्वी असतं तर हसला असता.

एका सकाळी मी चहा घेऊन गॅलरीत गेले तर तो फोटो समोर धरून बसला होता. सगळीकडे लाल नळ्या. हातालाही लाल, गालालाही लाल.

"इथे तिचा पाय आलाय," तो म्हणाला.

फोटोत भिंगरीचा गुडघा नळीच्या आड आला होता. 'भिं' दिसत होता, 'री' दिसत होती. मधला 'ग' नव्हता.

"मग?"

"त्याचा 'ग' कसा होता?"

मी आठवून पाहिलं. मला नाही आठवला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "एका खोलीत वाढलो आम्ही. एका पलंगावर झोपायचो. त्या पेपरवाल्याचा 'र' मला अजून पाठ आहे. आणि माझ्या भावाचा 'ग' मला माहीत नाही." त्याने फोटो खाली ठेवला. "मी कधी लिहूच दिलं नाही त्याला. हातातून ओढून घ्यायचो. दे इकडे, तुला नाही जमणार. आणि एकदा त्याने लिहिलं तर तेही..."

माझा राग त्या क्षणी कुठे गेला कुणास ठाऊक. मी चहा खाली ठेवला आणि त्याच्याजवळ त्या लादीवरच बसले. त्याच्या लाल हाताने माझा गाऊनही लाल झाला. मग मी म्हटलं, "आज सांग." तो "हो" म्हणाला. या वेळी रविवार वगैरे काही म्हणाला नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी जायचं ठरलं, मीही येते म्हटलं.

पण त्याआधीच, दुपारी दुकानात जाऊचा फोन आला.

"ताई, दादांना घेऊन येता का? आज शाळा लवकर सुटली हिची. तेव्हापासून जिन्याखाली बसलीये. जेवायला येत नाही. सायकल खरवडतेय."

मी मालकांना सांगून निघाले, नवऱ्याला कारखान्यातून घेतलं. वाटेत तो नखांतला लाल रंग काढत राहिला.

जिन्याखाली उजेड कमी होता. भिंगरी शाळेच्या कपड्यांत उकिडवी बसली होती, हातात कंपासपेटीतली स्टीलची पट्टी. सायकल भिंतीला टेकवलेली. हँडलपाशी, 'भि'च्या मागे जिथे अक्षर नव्हतं तिथे, नखाएवढी जागा खरवडलेली होती. कडेने निळं, मग राखाडी, आणि मधोमध लोखंड चमकत होतं. बाकी कुठेही ओरखडा नव्हता. इतकं जपून केलं होतं तिने. जाऊ वरच्या पायरीवर उभी होती, पदराचं टोक मुठीत धरून.

"काका," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात अपराध्यासारखं काहीतरी होतं. "तुमचं खराब नाही केलं मी. कडेला थोडंसंच काढलं. मला एकदाच बघायचं होतं. पण मी चुकीच्या जागी खरवडलं वाटतं. बाबांचा 'भि' कुठे होता?"

नवऱ्याला उत्तर आयतं मिळालं होतं. हो बेटा, चुकीच्या जागी खरवडलंस, आता बास, रंग खराब होईल. एवढं म्हटलं असतं तर तिने पट्टी पेटीत ठेवली असती आणि आणखी एक वर्ष निघालं असतं. तो असं म्हणाला तर आपण सगळं सांगून टाकायचं, मग संसाराचं काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवलं होतं. आणि तरी तो क्षणभर गप्प राहिला तेव्हा, खरं सांगते, मलाही वाटलं की त्याने म्हणावं.

तो तिच्याशेजारी खाली बसला. गुडघे टेकून.

"बरोबर जागी खरवडलंस," तो म्हणाला. "इथेच होता."

"मग?"

"मी घासून काढला. रंग द्यायच्या आधी. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो."

भिंगरीने त्या चमकणाऱ्या जागेकडे पाहिलं. "सगळं काढलं?"

"सगळं."

"'री' पण?"

"'री' पण."

"अगं, मीच म्हटलं होतं दादांना, नवी करून द्या म्हणून," जाऊ वरून म्हणाली. तिला रडू आवरेना. भिंगरीने वर पाहिलं नाही. ती रडतही नव्हती. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं, आम्ही सगळेच सुटलो असतो. ती नुसती बसून राहिली. तिला इतकं स्थिर मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तिने पट्टी याच्यापुढे धरली.

"तुमचं पण काढा," ती म्हणाली.

"काढतो. संध्याकाळी घरी नेतो, पॉलिशपेपर आहे तिकडे..."

"आत्ता."

त्याने पट्टी घेतली. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? ज्या वेलांटीसाठी त्याने रजा काढली होती तिच्या टोकाला त्याने पट्टी लावली आणि दाबली. साय रंगाचं साल निघून लादीवर पडलं. त्याच्या कपाळाला घाम आला होता, पण हात थांबला नाही. टोक, मग वेलांटी, मग 'भ'ची गाठ. मला ओरडून सांगावंसं वाटलं की पोरी, असू दे, याने हे जीव ओतून केलंय, तुझ्या बापासाठी रडत केलंय. नाही सांगितलं. ते तिने का ऐकून घ्यावं?

एका बाजूचं नाव निघायलाच खूप वेळ लागला. जाऊ आत जाऊन पाणी घेऊन आली, ते कुणी प्यायलं नाही. भिंगरी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि तो पुढे सरकला की मागे सुटलेल्या नळीवरून बोट फिरवत होती, सावकाश, वरून खाली. शेवटची 'री' संपवून तो मागे टेकला आणि त्याने डोळे पुसले. ती आणखी एकदा सुरुवातीपासून बोट फिरवत आली आणि मधेच थांबली.

"काका, इथे राहिलंय," ती म्हणाली. त्याने पट्टी परत तिथे लावली.